आफ्रिका कप ऑफ नेशन्स पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलचं वेड असलेल्या मित्रांची एक ठरलेली तक्रार असते. ऐन हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, त्यांचे चांगले चार खेळाडू "आफ्रिकेला" निघून जातात आणि फँटसी लीगची घडी विस्कटते. हे खेळाडू जातात कुठे, तिथे नेमकं काय चालतं, हे बघायला मात्र फारसं कुणी थांबत नाही. ज्यांना थांबून बघायचंय त्यांच्यासाठी हा लेख. ऑफसाइड म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे, बाकीचं इथे आहे.

पायरी १: सालाचा घोळ आधी मिटवा

स्पर्धेचं पूर्ण नाव आफ्रिका कप ऑफ नेशन्स. इंग्रजी समालोचक तिला 'आफकॉन' म्हणतात, फ्रेंच बोलणारे 'कान'. व्हिडिओ शोधताना दोन्ही नावं टाका, कारण पश्चिम आफ्रिकेतलं बरंचसं चांगलं चित्रण आणि विश्लेषण फ्रेंच नावाखालीच सापडतं.

नवख्याला पहिला धक्का बसतो तो सालाचा. २०२१ ची स्पर्धा कॅमेरूनमध्ये २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली. २०२३ ची आयव्हरी कोस्टमध्ये २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. पहिल्या वेळी कोविड आडवा आला, दुसऱ्या वेळी पाऊस, कारण जून-जुलैत आयव्हरी कोस्टमध्ये पावसाळा असतो. २०२५ ची मोरोक्कोत २१ डिसेंबर २०२५ ते १८ जानेवारी २०२६ अशी दोन सालांत पसरली, कारण त्या उन्हाळ्यात फिफाने आपला क्लब विश्वचषक मांडून ठेवला होता. तेव्हा आकडेवारी वाचताना कंसातलं साल आणि प्रत्यक्ष खेळल्याचं साल वेगळं असू शकतं, हे डोक्यात असू द्या.

याच नावाच्या आसपासच्या इतर स्पर्धांशीही गल्लत होते. 'चान' नावाची स्पर्धा वेगळी. तिथे आपापल्या देशाच्याच लीगमध्ये खेळणारे खेळाडू चालतात, युरोपातले नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती केनिया, टांझानिया आणि युगांडात झाली आणि मोरोक्कोने जिंकली. महिलांची स्पर्धाही वेगळी असते आणि तिथे नायजेरियाचं जवळपास राज्यच आहे: २०२५ च्या जुलैत त्यांनी दहावं विजेतेपद घेतलं. या लेखात पुरुषांच्या मुख्य स्पर्धेबद्दलच लिहितोय.

आतापर्यंत ही स्पर्धा साधारण दर दोन वर्षांनी होत आली. २०२८ नंतर ती चार वर्षांनी होईल अशी घोषणा आफ्रिकन फुटबॉल महासंघाने, म्हणजे 'काफ'ने, डिसेंबर २०२५ मध्ये केली. युरोपियन क्लबांना यात सोय आहे. माझ्यासारख्याला हळहळ वाटते, पण ते असो.

पायरी २: गुणतक्त्याची तिसरी ओळ वाचा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

२०१९ पासून स्पर्धेत २४ संघ असतात. सहा गट, प्रत्येकात चार संघ. साखळी फेरीत प्रत्येक संघ तीन सामने खेळतो. गटातले पहिले दोन पुढे जातात, हे सरळ आहे. पण बाद फेरीला १६ संघ लागतात आणि सहा दुणे बाराच होतात. उरलेल्या चार जागा सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम चौघांना मिळतात. त्यांची तुलना गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल अशी होते.

ऐकायला रुक्ष वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते २०२३ च्या स्पर्धेतल्या 'अ' गटात बघा.

यजमान आयव्हरी कोस्टने गिनी-बिसाऊला २-० हरवून सुरुवात झकास केली. मग नायजेरियाकडून ०-१ असे हरले. तिसरा सामना इक्वेटोरियल गिनीशी, अबिदजानजवळच्या एबिंपे इथल्या स्टेडियममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि निकाल ०-४. साखळी संपली तेव्हा इक्वेटोरियल गिनी आणि नायजेरिया सात-सात गुणांवर, आयव्हरी कोस्ट तीन गुणांवर आणि उणे तीन गोलफरकावर, गिनी-बिसाऊ शून्यावर.

पहिल्या दोघांचे गुण सारखे, मग वर कोण? इथे अनेकजण फसतात. आफकॉनमध्ये आधी बघतात ते एकूण गोलफरक नव्हे, त्या दोन संघांमधल्या आपसातल्या सामन्याचा निकाल. तो १-१ असा बरोबरीत सुटला होता, म्हणून मग गोलफरकावर गेले आणि इक्वेटोरियल गिनी पहिली आली. हा नियम पाठ करून ठेवा. शेवटच्या साखळी सामन्यांच्या वेळी समालोचकसुद्धा चुकतात.

आता आयव्हरी कोस्ट. तीन गुण, उणे तीन. प्रशिक्षक ज्याँ-लुई गासे यांना निरोप दिला गेला. फ्रान्सच्या महिला संघाचे प्रशिक्षक एर्वे रेनार यांना थोड्या दिवसांपुरते उसने मागून पाहिले, फ्रान्सने नकार दिला. मग सहायक एमर्स फाए यांच्याकडे सूत्रं आली. बरं, सूत्रं कशाची? संघ अजून स्पर्धेत आहे की बाहेर, हेच ठरलेलं नव्हतं. इतर गटांचे सामने बाकी होते.

घाना दोन गुणांवर अडकली होती, कारण मोझांबिकविरुद्ध २-० आघाडीवर असताना भरपाई वेळेत दोन गोल खाल्ले. उरला झांबिया. त्याचे दोन गुण होते आणि शेवटचा सामना मोरोक्कोशी. झांबियाने नुसती बरोबरी केली असती तरी तीन गुण आणि शून्य गोलफरकावर तो आयव्हरी कोस्टच्या पुढे गेला असता. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात आपला संघ घरी बसलेला आणि आपण भलत्याच दोन संघांचा सामना जीव मुठीत धरून बघतोय, ती अवस्था आठवा. अख्खा आयव्हरी कोस्ट त्या रात्री मोरोक्कोचा झाला. मोरोक्को १-० जिंकला, गोल हकीम झियेशचा, आणि यजमान चौथे सर्वोत्तम तिसरे म्हणून शेवटच्या दारातून आत शिरले.

पुढचं तर कुणी पटकथेत लिहिलं असतं तर फेटाळलं गेलं असतं. गतविजेत्या सेनेगलविरुद्ध ८६ व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी आणि मग शूटआऊटमध्ये विजय. मालीविरुद्ध पहिल्या अर्ध्यातच दहा खेळाडू उरलेले, ९० व्या मिनिटाला सिमॉन आदिंग्राची बरोबरी आणि जादा वेळेच्याही भरपाईत दुसरा गोल. उपांत्य फेरीत डीआर काँगोवर १-०. अंतिम सामन्यात पुन्हा नायजेरिया: आधी ०-१, मग फ्रँक केसीए, मग ८१ व्या मिनिटाला सेबास्तियन हालेरचा गोल. दीड वर्षापूर्वी याच हालेरला वृषणाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. २-१. चषक यजमानांचा.

म्हणून सांगतो, साखळीचे शेवटचे सामने चुकवू नका. एका पडद्यावर सामना आणि दुसऱ्यावर सहाही गटांचे तक्ते उघडे ठेवा. मी तर कागदावरच मांडतो, तिसऱ्या क्रमांकांची यादी वेगळी. गटाचे दोन सामने एकाच वेळी सुरू असतात आणि एका गोलाने चार संघांचं नशीब फिरतं.

इतकं करूनही फैसला न झाला तर? २०१५ ला तेही झालं. गिनी आणि माली यांचे प्रत्येकी तिन्ही सामने १-१ सुटले. गुण सारखे, गोलफरक सारखा, गोल सारखे, आपसातला निकाल बरोबरी. दुसऱ्या दिवशी मलाबोमध्ये चिठ्ठी काढली. गिनी पुढे गेली, माली घरी.

पायरी ३: टोपणनावांची ओळख

समालोचक देशाचं नाव क्वचितच घेतात. 'लायन्स'नी हल्ला चढवला असं ऐकलं की कळायला हवं की कुठले सिंह, कारण सिंह तीन आहेत: कॅमेरून (अजिंक्य सिंह), सेनेगल (तेरांगाचे सिंह) आणि मोरोक्को (अ‍ॅटलासचे सिंह). नायजेरिया म्हणजे सुपर ईगल्स, ट्युनिशिया कार्थेजचे ईगल्स, माली नुसतेच ईगल्स. घाना ब्लॅक स्टार्स, आयव्हरी कोस्ट हत्ती, इजिप्त फॅरो, अल्जीरिया वाळवंटातले कोल्हे, डीआर काँगो बिबटे, बुर्किना फासो घोडे, केप व्हर्द निळे शार्क. दक्षिण आफ्रिकेला बाफाना बाफाना म्हणतात, झांबियाला चिपोलोपोलो. कोमोरोस या चिमुकल्या बेटांच्या संघाने सीलाकँथ हा पुरातन मासा घेतलाय, माझ्या मते स्पर्धेतलं सगळ्यात देखणं नाव. बाकीची सामने बघता बघता होतात पाठ.

पायरी ४: क्लबचा चष्मा उतरवून ठेवा

नवखा माणूस संघाची यादी घेतो, कोण लिव्हरपूलला, कोण रेआल माद्रिदला ते बघतो आणि त्यावरून विजेता ठरवतो. या स्पर्धेत हा हिशेब वारंवार तोंडावर पडतो.

लायबेरियाचा जॉर्ज वेआ हा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा वार्षिक पुरस्कार, मिळवणारा एकमेव आफ्रिकन. त्याच्या हाती हा चषक कधी लागला नाही. दिदिए द्रोग्बा २००६ आणि २०१२ असे दोन अंतिम सामने हरला. मोहम्मद सलाह २०१७ आणि २०२२ असे दोन हरला. त्यातला दुसरा तर पेनल्टी शूटआऊटमध्ये, त्याची स्वतःची किक मारायची पाळी येण्याआधीच संपला. विजयी पेनल्टी सादिओ मानेची होती, आणि त्याच मानेने सामन्याच्या सुरुवातीला एक पेनल्टी वाया घालवली होती.

उलट बाजूला इजिप्तचा तो संघ बघा. २००६, २००८, २०१० असे सलग तीन चषक, प्रशिक्षक हसन शेहाता. कणा होता कैरोच्या क्लबांमधल्या खेळाडूंचा, मोहम्मद अबूत्रिका अल अहलीचाच. २०१० ला गेदो नावाचा आघाडीवीर दरवेळी बदली म्हणून उतरायचा. त्याने पाच गोल केले, अंतिम सामन्यात घानाविरुद्ध ८५ व्या मिनिटाचा विजयी गोलही त्याचाच. आणि गंमत म्हणजे हाच इजिप्त २००६ आणि २०१० या दोन्ही विश्वचषकांना पात्रसुद्धा ठरला नव्हता. एकूण सात विजेतेपदं घेऊन इजिप्त आजही यादीत सगळ्यात वर आहे. त्यामागे कॅमेरून पाच, घाना चार.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. युरोपातून आलेल्या खेळाडूंना एकत्र सरावाला जेमतेम दिवस मिळतात. हवामान, गवत, प्रवास सगळं वेगळं. आणि वर्षभर एकमेकांसोबत खेळणाऱ्या, गोल न खाण्यात तरबेज असलेल्या बचावफळीपुढे एकटा तारा फार काही करू शकत नाही. "आफ्रिकन संघ म्हणजे ताकद आणि वेग" हे वाक्य ज्या समालोचकाच्या तोंडी येईल त्याचा आवाज खुशाल बंद करा. इथले साखळी सामने बहुतेकदा चिवट, डावपेचांचे, कमी गोलांचे असतात. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला तर तो तुमचा दोष नाही, पण तिथेच सोडूही नका. बाद फेरी लागली की वेग बदलतो.

पात्रता फेरीही अशीच निर्दय असते. घाना आणि केप व्हर्द हे दोघंही २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले आणि दोघांनाही २०२५ च्या आफकॉनचं तिकीट मात्र मिळालं नाही.

पायरी ५: एक संघ दत्तक घ्या

तटस्थ राहून महिनाभराची स्पर्धा बघवत नाही. कुठला तरी संघ आपला माना. निवड कशी करायची ते तुमच्यावर, पण काही सुचवण्या.

गोव्याच्या वाचकांना फार विचार करायला नको. डेम्पोच्या रँटी मार्टिन्सला आणि चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीला खोऱ्याने गोल करताना पाहिलेली पिढी नायजेरियाला परकी मानणारच नाही. आणि केप व्हर्दची यादी वाचली तर म्हापशाच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटेल: रायन मेंडिस, गॅरी रॉड्रिग्ज, जामिरो मोंतेरो. पोर्तुगिजांनी आडनावं दोन्ही किनाऱ्यांवर सोडली. पाचेक लाख वस्तीचा हा द्वीपदेश २०२३ ला घाना आणि इजिप्तच्या गटात पहिला आला आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शूटआऊटमध्ये हरला. त्या शूटआऊटमध्ये गोलरक्षक रॉनवेन विल्यम्सने चार पेनल्टी अडवल्या. चार! व्हिडिओ जरूर शोधा.

छोट्यांवर जीव जडत असेल तर कोमोरोस. २०२२ ला त्यांनी घानाला ३-२ हरवून घरी पाठवलं. पुढच्या फेरीत यजमान कॅमेरूनशी गाठ, आणि कोविड व दुखापतींमुळे एकही गोलरक्षक उरला नाही. मग शाकेर अलहादूर हा बचावपटू हातमोजे चढवून गोलमध्ये उभा राहिला, जर्सीवर चिकटपट्टीने क्रमांक लावून. सातव्याच मिनिटाला एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर. तरी हरले किती? फक्त १-२, आणि त्यांचा एक गोल म्हणजे युसूफ म्चांगामाने लांबून मारलेली अफलातून फ्री किक.

मोठ्या आवाजाचे पाठीराखे आवडत असतील तर सेनेगल, त्यांचे ढोलवाले नव्वद मिनिटं थांबत नाहीत. डीआर काँगोचा एक पाठीराखा मोरोक्कोत प्रत्येक सामनाभर हात उंचावून पुतळ्यासारखा निश्चल उभा राहिला, काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या पुतळ्याच्या मुद्रेत.

पायरी ६: मागचे हे चार सामने, निदान ठळक क्षण तरी, बघून घ्या

इतिहास सगळा वाचायची गरज नाही. पण काही गोष्टी माहीत नसतील तर बाकीच्यांचे डोळे का पाणावले ते कळत नाही.

सुरुवातीचं एवढं ठेवा: पहिली स्पर्धा फेब्रुवारी १९५७, सुदानची राजधानी खार्तूम. संघ तीन: सुदान, इजिप्त, इथिओपिया. चौथा संस्थापक दक्षिण आफ्रिका. पण वर्णद्वेषी राजवटीला गोरे-काळे असा मिश्र संघ पाठवायचा नव्हता, म्हणून तो बाहेर राहिला. इजिप्तने अंतिम सामन्यात इथिओपियाला ४-० हरवलं, चारही गोल अद-दीबाचे. घाना स्वतंत्र व्हायला तेव्हा अजून काही आठवडे होते. आज खेळणारे बहुतेक देश त्या वेळी कुणाच्या ना कुणाच्या वसाहती होत्या. युरोपची राष्ट्रीय संघांची स्पर्धा सुरू झाली १९६० ला, म्हणजे याबाबतीत आफ्रिका थोरली.

पहिला सामना १९९६ चा अंतिम. तोच दक्षिण आफ्रिका, वर्णद्वेष संपल्यावर यजमान म्हणून. ट्युनिशियावर २-०, दोन्ही गोल बदली आलेल्या मार्क विल्यम्सचे. नेल्सन मंडेला संघाची जर्सी घालून मैदानात, गोरा कर्णधार नील टोव्ही चषक उचलतोय.

दुसरा, ३ जून २००७, पात्रता फेरीतला आयव्हरी कोस्ट विरुद्ध मादागास्कर. निकाल ५-० असला तरी सामना स्मरणात आहे तो जागेमुळे. देश यादवी युद्धाने दुभंगलेला, उत्तर बंडखोरांच्या ताब्यात, आणि द्रोग्बाने आग्रह धरून सामना बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात, बुआकेला नेला. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच स्टेडियममध्ये एकाच संघासाठी ओरडत होते. फुटबॉलने युद्ध थांबवलं असं म्हणणं फार सोपं होईल, समझोत्याची बोलणी आधीच झाली होती. तरी त्या दिवसाचं मोल कमी होत नाही. २०२३ च्या आफकॉनमध्ये बुआके हे एक यजमान शहर होतं.

तिसरा, २०१२ चा अंतिम, आणि एकच बघायचा तर हाच. २७ एप्रिल १९९३ ला झांबियाचा संघ लष्करी विमानाने सेनेगलला निघाला होता. गॅबॉनच्या लिब्रव्हिलला इंधन भरून विमानाने उड्डाण केलं आणि ते समुद्रात कोसळलं. ३० जण गेले, त्यांत १८ खेळाडू. कालूशा ब्वाल्या हा तारा नेदरलँड्समधून परस्पर येणार होता, म्हणून वाचला. त्याने पुढच्याच वर्षी नव्याने जमवलेला संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत नेला, नायजेरियाकडून १-२ हरले. २०१२ ला स्पर्धा गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनीत होती, अंतिम सामना लिब्रव्हिललाच. झांबियाच्या संघाने समुद्रकिनारी जाऊन फुलं वाहिली. समोर द्रोग्बाचा आयव्हरी कोस्ट. झांबियाचे बहुतेक खेळाडू आफ्रिकेतल्याच क्लबांतले. द्रोग्बाने पेनल्टी बारवरून मारली, १२० मिनिटं गोलशून्य, शूटआऊट ८-७, शेवटची किक स्टोपिला सुंझूची. सुरुवातीलाच जखमी झालेल्या जोसेफ मुसोंडाला प्रशिक्षक रेनार यांनी जल्लोषात सामील व्हायला स्वतः उचलून नेलं. कालूशा त्या वेळी झांबियाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.

चौथा, रबातमधला २०२५ च्या स्पर्धेचा अंतिम, मोरोक्को विरुद्ध सेनेगल. भरपाई वेळेत मोरोक्कोला पेनल्टी मिळाली, सेनेगलचे खेळाडू निषेध म्हणून मैदान सोडून गेले, परत आले, आणि मग ब्राहिम दियाझने पेनल्टी अलगद चिप करून थेट गोलरक्षक एदुआर मेंडीच्या हातात दिली. जादा वेळेत सेनेगलच्या पाप गे या खेळाडूचा गोल. मैदानावरचा निकाल सेनेगल १-०, मैदानाबाहेरचा वाद मात्र पुढे बरेच दिवस चालला.

पायरी ७: घड्याळ आणि प्रक्षेपण

भारतातले प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक हलतात. त्यामुळे मागच्या वेळी जिथे पाहिलं तिथेच असेल असं धरून चालू नका, सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तपासा. सदस्यत्व घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं पुरतं.

वेळ यजमान देशावर ठरते. आयव्हरी कोस्टच्या वेळी दिवसाचे तीन सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, रात्री साडेदहा आणि मध्यरात्री दीडला लागत. नोकरदाराने साडेसातचा रोज आणि दीडचा फक्त शनिवारी, असं धोरण ठेवलं तर घरात शांतता राहते. बाद फेरीपासून मात्र रात्रीच्या सामन्यांची तयारी हवी. पुढची, २०२७ ची स्पर्धा केनिया, टांझानिया आणि युगांडात आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे, म्हणजे तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेदहाला. इतकी सोयीची आफकॉन आपल्याला वारंवार मिळत नाही.

मित्रमंडळी जमणार असतील तर जोलोफ भात करून बघा: टोमॅटो, कांदा, मिरची वाटून त्यात शिजवलेला. नायजेरियाचा चांगला की घानाचा यावर तिकडे जे वाद होतात त्यापुढे आपलं मिसळीचं भांडण काहीच नाही. सेनेगलवाले मूळ आमचं म्हणून दोघांनाही गप्प करतात.

पायरी ८: प्रत्यक्ष जायचं असेल तर

२०२७ त्यासाठी बरी संधी आहे. मुंबईहून पूर्व आफ्रिका जवळ आहे. नैरोबी, कंपाला आणि दार-ए-सलाममध्ये भारतीय वस्ती कित्येक पिढ्यांची आहे, त्यात गोवेकरही आले आणि अलीकडे नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबंही. शाकाहारी जेवणाची चिंता या तीन शहरांत तरी करू नका.

आधी व्हिसा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक सामाईक पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा आहे, पण टांझानिया त्यात नाही. म्हणजे तिन्ही यजमान देशांत सामने बघायचे असतील तर टांझानियाची सोय वेगळी करावी लागते. स्पर्धेसाठी खास व्यवस्था झाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका.

मग लस. हे हलक्यात घेऊ नका. केनिया आणि युगांडा पिवळ्या तापाच्या देशांत मोडतात. यलो फीवरची लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची असते, कुठल्याही दवाखान्यात नाही, आणि केंद्राची वेळ आधी ठरवावी लागते. लसीचं पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं. ते नसताना तिथून भारतात परतलात तर विमानतळावरूनच थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाल. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, गरोदर असाल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

तिकीट काफच्या अधिकृत मार्गानेच घ्या. मोरोक्कोत नुसतं तिकीट पुरत नव्हतं, मोबाइलवर फॅन आयडीही काढावा लागला. २०२७ चे नियम तिकीट घेण्याच्या दिवशीच वाचा. यजमानांचा सामना असेल तर निदान तीन तास आधी पोहोचा आणि गर्दीच्या दाराने घुसायचा हट्ट धरू नका. २०२२ ला कॅमेरूनची राजधानी याउंदे इथल्या ओलेंबे स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत आठ जणांचा जीव गेला होता.

शहर निवडताना हवाही बघा. दार-ए-सलाम समुद्रकाठचं, आपल्या कोकणासारखंच दमट. तिथलं बेंजामिन म्कापा स्टेडियम साठ हजारांचं. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर, जून-जुलैत संध्याकाळी स्वेटर लागतो. उंचीवर न खेळलेल्या संघांना तिथे दुसऱ्या अर्ध्यात धाप लागलेली दिसेल, तेव्हा पैज लावायचीच असेल तर साठाव्या मिनिटानंतर लावा. दोन्हीतलं अंतर विमानाने तास-सव्वा तासाचं, बसने मात्र अख्खा दिवस जातो आणि वाटेत सीमेवरची रांग वेगळी.